आयुष्यातून एकदा घ्यायचा संशय

संशय या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. संशयी माणसाशी कुणी सोयरीक जोडत नाही. संशयाचे भूत मानगुटीवर बसते, संशयाचा किडा डोके पोखरतो. संशयात्म्याचा नाश होतो, असे गीतेनेही बजावून ठेवले आहे. पण त्याच परंपरेत गौतमाच्या न्यायसूत्रांनी सोळा पदार्थांची यादी दिली, तेव्हा प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान दिले ते संशयाला. कारण उघड आहे. ज्याविषयी मनात शंकाच नाही, त्याचा शोध घ्यायला कोण कशाला निघेल? म्हणजे संशय माणसाला बुडवतो आणि संशयच ज्ञानाचे दारही उघडतो. मग बुडवणारा संशय कुठला आणि दार उघडणारा कुठला?

हा प्रश्न युरोपच्या इतिहासात सर्वांत धिटाईने हाताळला तो रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने. विचार करणारा मी आहे, एवढे तरी कुणालाच नाकारता येणार नाही, या अर्थाचे त्याचे तीन शब्दांचे लॅटिन वाक्य तत्त्वज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेले असते. वाक्य पाठ होते, पण त्या वाक्यापर्यंत पोहोचायला त्या माणसाला काय काय सोडावे लागले, कसली भीती बाळगावी लागली आणि शेवटी हाती काय लागले, ही हकीकत मागेच राहते. आज ती सांगायची आहे. तिचा एक धागा आपल्या जुन्या गोव्यापर्यंत येतो, हेही सांगायचे आहे.

देकार्तचा जन्म ३१ मार्च १५९६ चा. फ्रान्समधल्या तूरेन प्रांतातले ला हे नावाचे छोटे गाव हे त्याचे जन्मस्थान. या गावाने पुढे त्याचेच नाव घेतले. तो सव्वा वर्षाचाही नव्हता तेव्हा आई वारली. तो जन्मला तो फ्रान्स कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या यादवीने पोळलेला होता. ही यादवी १५६२ साली पेटली आणि १५९८ साली नांतच्या फर्मानाने कशीबशी शमली. दोन्ही बाजूंना स्वतःविषयी तिळमात्र शंका नव्हती. सत्य आपल्याच मुठीत आहे अशी दोघांचीही खात्री होती आणि त्या खात्रीपायी शेजाऱ्याने शेजाऱ्याचा गळा कापला होता.

योगायोग असा, की ज्या १५६२ साली ही यादवी सुरू झाली, त्याच साली सेक्स्टस एम्पिरिकस या प्राचीन ग्रीक संशयवाद्याचा ग्रंथ लॅटिन भाषांतरातून प्रथमच छापला गेला. त्याचे म्हणणे असे, की कोणत्याही मुद्द्याच्या बाजूने जेवढे बोलता येते तेवढेच विरुद्धही बोलता येते. म्हणून शहाण्याने निकाल देण्याचे थांबवावे, म्हणजे मनाला शांती मिळते. मोंतेनसारख्या निबंधकाराला हे इतके पटले, की त्याने आपल्या ग्रंथालयाच्या तुळयांवर अशी वचने लिहून घेतली. आपल्याला असे काय ठाऊक आहे, हा प्रश्न त्याने स्वतःपुरते ब्रीद म्हणून स्वीकारला. रक्तपात पाहिलेल्या पिढीला हा संशय औषधासारखा वाटला तर नवल नाही. पण तो थांबण्याचा संशय होता. काहीच नक्की कळत नाही, तेव्हा आहे ते निमूटपणे चालू द्यावे, इथे तो विसावत असे. देकार्तला तिथे विसावायचे नव्हते.

वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी देकार्तला ला फ्लेश येथील जेझुइट विद्यालयात घातले गेले. राजा चौथा आंरी याने आपला वाडा देऊन हे विद्यालय सुरू करवले होते. १६१० साली राजाचा खून झाला तेव्हा त्याचे हृदय इथेच आणून ठेवण्यात आले. पुढच्या वर्षीच्या स्मरणसोहळ्यात, गॅलिलिओला नुकत्याच दिसलेल्या गुरूच्या चंद्रांवर रचलेली कविताही सादर झाली. म्हणजे जुन्या ग्रंथांची घोकंपट्टी करणारे हे काही मागासलेले विद्यालय नव्हते. युरोपातल्या उत्तम विद्यालयांपैकी हे एक आहे, असे देकार्त स्वतः पुढे सांगत असे.

गोव्याचा धागा जुळतो तो इथे. जेझुइटांच्या सगळ्या शाळा-कॉलेजांना १५९९ साली एकच अभ्यासक्रम लागू झाला. तत्त्वज्ञानाची तीन वर्षे, आणि त्यात गुरुस्थानी अरिस्टॉटल. त्यावरची भाष्ये पोर्तुगालमधल्या कोइंब्रा येथील जेझुइट अध्यापकांनी सिद्ध केली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या देकार्तने १६४० मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात शाळेत वाचलेली पुस्तके आठवली आहेत, त्यांत हे कोइंब्राचे भाष्यकार आहेत. याच कोइंब्रातून कितीतरी जेझुइट गोव्यात आले. जुन्या गोव्यातल्या त्यांच्या सेंट पॉल कॉलेजची आज एक कमान तेवढी उभी आहे. आपल्यापैकी अनेकजण तिच्यावरून दहादा गेले असतील. या कॉलेजात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला आणि त्यातून पहिल्याप्रथम छापून निघाली ती विद्यार्थ्यांनी जाहीर वादात मांडायची तर्कशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची प्रमेये. एकाने प्रमेय मांडायचे, दुसऱ्याने त्यावर हल्ला चढवायचा, पहिल्याने ते राखायचे, अशी ही वादाची पद्धत. ला फ्लेशच्या वर्गात देकार्त जी पद्धत शिकला ती हीच.

या शिक्षणाबद्दल त्याने कृतज्ञता कधी सोडली नाही. पण शाळा संपली तेव्हा त्याच्या लक्षात आले, की तत्त्वज्ञानात वादाबाहेर असे एकही विधान नाही. शतकानुशतके हुशार माणसे वाद घालत आली आणि अजून एकाही गोष्टीवर त्यांचे एकमत नाही. वाद जिंकता येतो, पण जिंकणे म्हणजे कळणे नव्हे. फक्त गणितात तेवढे एकदा सिद्ध झालेले सिद्धच राहते. मग गणितासारखी पक्की जमीन इतर ज्ञानाला का असू नये, ही टोचणी त्याला लागली ती जन्मभरासाठी.

ग्रंथप्रामाण्यावर शंका घेणारा तो काही पहिला नव्हता. पणजीतल्या चर्चसमोरच्या उद्यानाला ज्याचे नाव आहे, त्या गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींच्या संवादात्मक ग्रंथात हेच केले होते. गालेन आणि दिओस्कोरिदेस यांच्यासारख्या प्राचीन आचार्यांनी काहीही लिहिलेले असो, मी इथे डोळ्यांनी पाहिले ते वेगळे आहे, असे सांगण्याचे धैर्य त्याने दाखवले. ओर्ताने ग्रंथ बाजूला ठेवला आणि डोळ्यांवर विश्वास टाकला. देकार्तने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्याने विचारले, डोळ्यांवर तरी विश्वास का टाकायचा?

हे पाऊल एकदम पडले नाही. कायद्याची पदवी घेऊन झाल्यावर तो १६१८ साली हॉलंडमध्ये मॉरिस राजपुत्राच्या सैन्यात दाखल झाला. तिथे ब्रेडा गावात त्याची आयझॅक बेकमान या डच विद्वानाशी गाठ पडली. सृष्टीच्या घडामोडींना गणित लावता येते, ही गोडी त्याला लागली ती बेकमानमुळे. दुसऱ्या वर्षी तो जर्मनीत होता. हिवाळा सुरू झाला होता, तीस वर्षे चालणारे युद्ध नुकतेच पेटले होते. मोठ्या शेगडीने उबदार ठेवलेल्या एका खोलीत तेवीस वर्षांचा हा शिपाई एकटाच विचार करत बसला. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री त्याला एकामागोमाग तीन स्वप्ने पडली. पहिल्यात वादळी वारा, दुसऱ्यात कडाडणारी वीज आणि तिसऱ्यात पुस्तके. सगळ्या ज्ञानाची नव्याने उभारणी करणे हे आपल्याच वाट्याचे काम आहे, असा अर्थ त्याने लावला आणि लोरेतोच्या मातेला नवस बोलला. बुद्धीच्या बळावर सगळे तपासून घेऊ म्हणणाऱ्या माणसाची सुरुवात स्वप्नाने आणि नवसाने व्हावी, ही गंमत आहे खरी. पण माणूस असाच असतो.

त्याच १६१९ साली तुलूझ शहरात व्हानीनी या विचारवंताला नास्तिक ठरवून मारण्यात आले आणि त्याचे प्रेत जाळण्यात आले. हे नाव लक्षात ठेवू, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

देकार्त १६२८ च्या अखेरीस हॉलंडमध्ये राहायला गेला आणि पुढची वीस वर्षे बहुतेक तिथेच, घरे आणि गावे बदलत राहिला. पृथ्वी फिरते हे गृहीत धरून त्याने विश्वरचनेवर एक ग्रंथ लिहीत आणला होता. तेवढ्यात जून १६३३ मध्ये रोममध्ये गॅलिलिओला दोषी ठरवल्याची बातमी आली. ज्या गॅलिलिओच्या शोधाचे कौतुक जेझुइट विद्यालयात कवितेतून झाले होते, तोच हा. देकार्तने आपले सगळे कागद जाळून टाकावेत असे मनात आणले. जाळले नाहीत, पण ग्रंथ बाजूला ठेवला. तो छापून निघाला १६६४ साली, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. यात भित्रेपणा होता असे वाटले तर ते अगदीच चूक नाही. मात्र त्या काळात चुकीच्या ठिकाणी शंका घेण्याची किंमत काय होती, हे विसरून त्याला नावे ठेवू नयेत.

१६३७ मध्ये लायडन येथे त्याचा पद्धतीविषयीचा निबंध छापला गेला. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते आणि भाषा लॅटिन नव्हे तर फ्रेंच होती. शाळेत लॅटिन न शिकलेल्या माणसांना, स्त्रियांनाही ते वाचता यावे, हा हेतू होता. ज्ञानेश्वरीच्या मातीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. चार वर्षांनी, १६४१ मध्ये, पॅरिसहून लॅटिनमध्ये त्याची सहा चिंतने प्रसिद्ध झाली. रोज एक याप्रमाणे सहा दिवसांची ही बैठक आहे. जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेल्या एकांतातल्या चिंतनाशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. फरक असा, की इथे साधक पापांची झडती घेत नाही, तो समजुतींची झडती घेतो.

झडतीची रीत अशी. मला आजवर जे जे खरे वाटले ते एकेक करून तपासायचे म्हटले, तर आयुष्य पुरणार नाही. तेव्हा पायाच उकरायचा. पाया कुठला, तर इंद्रिये. पण पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, दुरून गोल वाटलेला मनोरा जवळ गेल्यावर चौकोनी निघतो. जो एकदा फसवतो त्याच्यावर पुरता भरवसा ठेवू नये. बरे, लांबच्या वस्तूंचे सोडा. मी इथे अंगरखा घालून विस्तवाशेजारी बसलो आहे, यात काय शंका? पण अंथरुणात उघडाच झोपलेला असताना, आपण अंगरखा घालून विस्तवाशी बसलो आहोत असे स्वप्न मला किती वेळा पडले आहे! जागेपणा आणि स्वप्न यांना वेगळे करणारी खूण कुठली? तरीही स्वप्नातसुद्धा दोन आणि तीन पाचच होतात, चौकोनाला चारच बाजू असतात. म्हणजे गणित वाचले म्हणायचे. इथे देकार्त शेवटचा घाव घालतो. समजा, सर्व सामर्थ्य आणि सगळे कपट वापरून मला फसवणेच ज्याचे काम आहे, असे एखादे पिशाच्च असेल तर? आपल्याकडे रानात चकवा लागतो. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर जिथून निघाला तिथेच. देकार्तचा हा चकवा रानातली वाट चुकवत नाही, तो दोन आणि तीनच्या बेरजेत वाट चुकवतो.

आता काय उरले? आकाश, पृथ्वी, रंग, आवाज, स्वतःचे हातपाय, गणितसुद्धा गेले. पण फसवणारा कितीही बलाढ्य असो, तो मला फसवतो आहे तोवर फसणारा मी असलोच पाहिजे. मी नाही असा विचार करायलाही मी लागतोच. संशय घेण्याची क्रिया संशयाने पुसता येत नाही. हीच ती पक्की जमीन.

हा विचार अगदी नवा होता का? नव्हता. संत ऑगस्टीनने बाराशे वर्षांपूर्वी, मी फसत असेन तरी मी आहेच, असे म्हटले होते. एका परिचिताने हे कळवताच देकार्त गावातल्या ग्रंथालयात जाऊन तो उतारा वाचून आला आणि १६४० मधल्या पत्रात त्याने ते मोकळेपणाने लिहिलेही. त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता, पण आपल्याकडे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हाच युक्तिवाद केला आहे. आत्म्याचा जो निषेध करू पाहतो, त्याचे स्वतःचे स्वरूपच आत्मा असल्याने निषेध साधत नाही, असे ते दाखवतात. जमीन एकच, पण तिच्यावर बांधले ते वेगळे. आचार्यांना त्या जागेवरून ब्रह्माकडे जायचे होते. देकार्तला तिथून परत जगाकडे यायचे होते, म्हणजे पदार्थविज्ञान, वैद्यक आणि यंत्रशास्त्राकडे.

या संशयाविषयी तेव्हा आणि आजही एक गैरसमज आहे. देकार्त कशावरच विश्वास ठेवत नव्हता, असे अनेकांना वाटते. पॅरिसच्या बूर्दँ या जेझुइट अध्यापकाला उत्तर देताना त्याने सफरचंदांच्या टोपलीचा दाखला दिला. टोपलीत काही फळे नासली आहेत अशी शंका आली, तर माणूस सगळी फळे खाली ओततो, एकेक हातात घेऊन पाहतो आणि चांगली तेवढी परत भरतो. आंब्यांची आढी लावणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. एक आंबा नासला की शेजारचे नासतात, म्हणून सगळी आढी चाळावी लागते. चाळणारा आंब्यांचा शत्रू नसतो. उलट त्याला चांगले आंबे वाचवायचे असतात.

आणि हे चाळणे रोज करायचे नसते. आयुष्यातून एकदा हे करावे, असे तो चिंतनांच्या सुरुवातीलाच सांगतो. अशा निव्वळ बौद्धिक विचाराला आपण वर्षाकाठी फार थोडे तास देतो, असेही त्याने पुढे एका पत्रात कळवले. शिवाय घर पाडून नवे बांधेपर्यंत राहायला बिऱ्हाड लागते, म्हणून त्याने तात्पुरते आचारनियम घालून घेतले होते. देशाचे कायदे आणि रीत पाळायची. एकदा ठरवले की डळमळायचे नाही, कारण रानात वाट चुकलेल्याने गोल गोल फिरण्यापेक्षा एका दिशेने सरळ चालावे, कुठेतरी तरी पोहोचेल. जगाला बदलण्याआधी आपल्या इच्छांना आवर घालायचा. संशय विचारात, आचरणात नव्हे, हे कुंपण त्याने स्वतःच घातले होते.

मला देकार्तचे सर्वांत मोठे काम मात्र वेगळेच वाटते. पुस्तक छापण्याआधी त्याने हस्तलिखित आपला मित्र मेर्सेन या पाद्र्यामार्फत विद्वानांकडे पाठवले आणि त्यांचे आक्षेप मागवले. ते आक्षेप आणि आपली उत्तरे त्याने त्याच पुस्तकात छापली. दुसऱ्या आवृत्तीत, १६४२ साली, बूर्दँचे धरून अशा सात आक्षेपमाला झाल्या. मूळ चिंतनांपेक्षा हा भाग कितीतरी मोठा आहे. आक्षेप घेणाऱ्यांत इंग्लंडचा हॉब्ज होता, गासांदी होता. गासांदीने त्याला 'मन' म्हणून डिवचले, तर यानेही उलट त्याला 'देह' म्हणून हाक मारली. नेहमीच शांतपणे उत्तरे दिली असे नाही, पण आक्षेप दडवला मात्र नाही.

त्यांतला सर्वांत नेमका घाव तिशीही न गाठलेल्या आर्नो या धर्मपंडिताने घातला. 'मी आहे' इथून बाहेरच्या जगाकडे येण्यासाठी देकार्तने ईश्वराचा पूल बांधला होता. ईश्वर आहे आणि तो फसवणारा नाही, म्हणून जे मला स्वच्छ आणि स्पष्ट कळते ते खरे. आर्नोने विचारले, ईश्वर आहे हे कशावरून? तर ते मला स्वच्छ आणि स्पष्ट कळते म्हणून! मग हे वर्तुळच झाले की नाही? देकार्तने उत्तर दिले, पण ते पटले असे आजही सगळे अभ्यासक म्हणत नाहीत. ज्याने सगळ्यांचा पाया उकरला, त्याच्याच बांधकामातली फट त्याच्याच पुस्तकात छापलेली आहे.

हे आक्षेप गोळा होत होते त्याच काळात, सप्टेंबर १६४० मध्ये, त्याची पाच वर्षांची मुलगी फ्रांसीन तापाने गेली. हेलेना नावाच्या मोलकरणीपासून झालेली ही त्याची एकुलती एक मुलगी. पुढच्याच महिन्यात वडीलही गेले. भाऊ गमावलेल्या एका मित्राचे सांत्वन करताना त्याने लिहिले, की अश्रू फक्त बायकांनी ढाळावेत असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. आपला देहसुद्धा खरा आहे की नाही, असा प्रश्न कागदावर घालणाऱ्या माणसाला दुःखाच्या खरेपणाविषयी शंका नव्हती.

बाहेर वादळ उठले ते लवकरच. मार्च १६४२ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाच्या सभेने नव्या तत्त्वज्ञानाविरुद्ध ठराव केला. तिथला प्रमुख धर्मपंडित व्होएटियस याच्या गोटातून पुढच्या वर्षी एक पुस्तक निघाले आणि त्यात देकार्तची तुलना व्हानीनीशी केली गेली. त्या काळात या तुलनेचा अर्थ सगळ्यांना कळत होता. शहराने त्याच्यावर कारवाई सुरू केली, तेव्हा फ्रेंच राजदूताला मध्ये पडावे लागले. हा हल्ला प्रोटेस्टंटांचा. १६६३ साली रोमने त्याचे ग्रंथ निषिद्ध यादीत घातले, तो हल्ला कॅथलिकांचा. एकमेकांचे गळे कापणाऱ्या दोन्ही बाजूंना हा माणूस मात्र सारखाच धोकादायक वाटला.

अशी खात्री काय करू शकते, हे गोव्याला वेगळे सांगायला नको. इन्क्विझिशन इथे १५६० मध्ये आले. गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली गोव्यात जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली गेली. वनस्पतींविषयी तो ज्या मोकळेपणाने बोलू शकला, तेवढा मोकळेपणा श्रद्धेविषयी त्याच्या घराला मिळाला नाही. न्याय करणाऱ्यांना स्वतःविषयी कणभर जरी शंका असती, तरी त्यांचा हात थबकला असता.

देकार्तला गप्प करू शकली ती मात्र एक राजकन्या, आणि तीही भांडून नव्हे. बोहेमियाचे राज्य गमावून हॉलंडच्या आश्रयाला आलेल्या घराण्यातली एलिझाबेथ चोवीस वर्षांची होती. मे १६४३ मध्ये तिने पत्राने विचारले, मन जर जागा न व्यापणारे, देहाहून सर्वस्वी वेगळे असेल, तर ते देहाला हलवते कसे? देकार्तने एकदा उत्तर दिले, तिचे समाधान झाले नाही. पुन्हा दिले, पुन्हा झाले नाही. हा पत्रव्यवहार त्याच्या अखेरीपर्यंत चालला. त्याचा मनोविकारांवरचा १६४९ चा ग्रंथ घडला तो बऱ्याच अंशी तिच्या प्रश्नांमुळे. प्रश्न आजही सुटलेला नाही.

त्याच वर्षी तो क्रिस्तिना राणीच्या बोलावण्यावरून स्टॉकहोमला गेला. जन्मभर उशिरापर्यंत अंथरुणात लोळत विचार करण्याची सवय असलेल्या या माणसाला राणीने शिकवणीसाठी वेळ दिली ती पहाटे पाचची, तीही जानेवारीतली. ११ फेब्रुवारी १६५० रोजी तो न्यूमोनियाने वारला. वय त्रेपन्न.

पुढच्या विचारवंतांनी त्याला सोडले नाही, आणि ते योग्यच झाले. अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स याने १८६८ मध्ये म्हटले, की मनात ज्याविषयी शंका नाही त्यावर कागदोपत्री शंका घेण्याचे सोंग करू नये. विटगेनस्टाइनने आपल्या अखेरच्या टिपणांत दाखवले, की संशय घ्यायलाही काही गोष्टी पक्क्या धराव्या लागतात. दार फिरायचे तर बिजागऱ्या स्थिर हव्यात. सगळे काही एकदम खाली ओतता येते हा देकार्तचा समज म्हणूनच पुरता खरा नाही. ज्या भाषेत तो संशय घेत होता, ती भाषा त्याने टोपलीतून काढली नव्हती.

मग हाती काय उरले? सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. आज संशयाला तोटा नाही. मोबाइलवर आलेले छायाचित्र खरे की बनावट, आवाज माणसाचा की यंत्राचा, बातमी कुणाच्या फायद्याची, या शंका आपण दिवसातून पन्नास वेळा घेतो. वर्तमानपत्रावर संशय, डॉक्टरवर संशय, इतिहासकारावर संशय, शेजाऱ्यावर तर आहेच. मोंतेनचा संशय माणसाला निदान गप्प बसवत असे, हा आपल्याला बोलका करतो. या सगळ्यात एकच माणूस संशयातून सुटतो, तो म्हणजे आपण स्वतः. आपल्याला पटणारी गोष्ट पुढे पाठवताना आपले बोट थबकत नाही.

देकार्तच्या संशयाची दिशा नेमकी उलटी होती. त्याने दुसऱ्याची टोपली ओतली नाही, स्वतःची ओतली. दुसऱ्याच्या श्रद्धेला हात लावण्याआधी त्याने स्वतःचे डोळे, स्वतःचे शिक्षण, स्वतःचे गणितही तपासणीला उभे केले. तपासणी झाल्यावर निकाल स्वतःच दिला नाही, तो आक्षेप घेणाऱ्यांपुढे ठेवला. त्याची जमीन त्याला वाटली तेवढी पक्की निघाली नाही, पूल तर डळमळीतच होता. पण हे आपल्याला कळले ते त्याने आक्षेप छापले म्हणूनच.

माणसाला बुडवतो तो दुसऱ्यावर घेतलेला आणि कधीच न संपणारा संशय. दार उघडतो तो स्वतःवर घेतलेला, हेतू ठेवून घेतलेला आणि कुठेतरी संपणारा संशय. तो रोज घ्यायची गरज नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, आपल्याला अगदी पक्की वाटणारी एखादी समजूत हातात घेऊन, ती मला कुणी दिली आणि मी ती कधी तपासली होती का, एवढे विचारून पाहावे. आढीतला एक जरी नासका आंबा सापडला, तरी बाकीचे वाचतात.